सुपरमॅन (१९७८) : सातत्यदोष व तथ्यदोष

'सुपरमॅन' हा रिचर्ड डॉनर दिग्दर्शित चित्रपट डिसेंबर १९७८ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात एका शॉटमधून दुसऱ्यात जाताना न जुळणारे तपशील आहेत, तसेच विज्ञान, भूगोल व कालगणना यांच्याशी विसंगत अशी कथानकातील गृहीतकेही आहेत. पहिल्यांना सातत्यदोष आणि दुसऱ्यांना तथ्यदोष म्हणतात. चुकांच्या प्रचलित याद्यांत हे दोन्ही एकत्र कालवलेले असतात. ते कारणानुसार वेगळे केले, तर हा चित्रपट कसा घडला याची बरीच माहिती हाती लागते. म्हणून प्रस्तुत नोंदीत कारणांवर भर दिला आहे.

चित्रपटाचे चित्रण कथेच्या क्रमाने होत नाही. एकाच खोलीतील दोन शॉटांमध्ये कित्येक आठवडे जाऊ शकतात. हे तुकडे जुळावेत म्हणून सेटवर एक व्यक्ती प्रत्येक टेकची नोंद ठेवते: पाटीवरील क्रमांक, भिंग, कोणत्या शब्दावर कोणता हात उचलला, पेल्यात पाणी किती होते, केसांचा भांग, कपड्यांची घडी. संहितेच्या पानावर उभ्या रेघा ओढतात. पात्र पडद्यावर दिसत असताना बोललेल्या भागासाठी सरळ रेघ, दिसत नसताना बोललेल्या भागासाठी नागमोडी रेघ. सत्तरच्या दशकात याच्या जोडीला झटपट निघणारी पोलरॉइड छायाचित्रे असत. ही नोंद अचूक असली तरी दोष उरतात, कारण शेवटचा निर्णय संकलकाचा असतो. अभिनय सरस असलेला टेक हात न जुळणाऱ्या बाजूचा असेल, तर अनुभवी संकलक अभिनयाची बाजू घेतो. मराठी सेटवर 'कंटिन्यूइटी तुटली' असा शेरा मारतात, तेव्हा चूक की निवड हे त्यातून कळत नाही.

'सुपरमॅन'बाबत अडचण मोठी होती. पहिला व दुसरा भाग यांचे चित्रण मार्च १९७७ पासून एकदमच सुरू झाले. एकाच नेपथ्यावर सकाळी एका चित्रपटाचे, तर पुढे दुसऱ्याचे दृश्य घेतले जाई. पुढे दुसऱ्या भागाचे काम थांबवून सारे बळ पहिल्यावर लावण्यात आले. तोवर दुसऱ्याचा किती भाग पुरा झाला होता, याविषयी सांगितले जाणारे आकडे जुळत नाहीत; तीन-चतुर्थांशाच्या आसपास हा अंदाज ग्राह्य वाटतो. नंतर डॉनर यांना दूर करून रिचर्ड लेस्टर यांच्याकडे दुसरा भाग सोपवला गेला. जीन हॅकमन पुनर्चित्रणाला आले नाहीत, त्यामुळे लेक्स लूथर या खलनायकाच्या काही शॉटांत बदली नट व दुसऱ्याचा आवाज आहे. सुपरमॅनचे वडील जोर-एल यांची भूमिका करणाऱ्या मार्लन ब्रँडो यांचे दुसऱ्या भागासाठी घेतलेले चित्रण वगळून सुपरमॅनच्या आईची भूमिका करणाऱ्या सुझाना यॉर्क यांना पुढे आणले गेले. परिणामी दुसऱ्या भागात लागोपाठच्या दृश्यांत नायिका लोइस लेन साकारणाऱ्या मार्गो किडर यांची केशरचना व चेहऱ्याची ठेवण बदललेली दिसते. २००६ मध्ये डॉनर यांच्या मूळ आराखड्यानुसार दुसरा भाग पुन्हा जुळवला गेला. त्यातील हॉटेलच्या खोलीचे दृश्य कधी चित्रितच झाले नव्हते. म्हणून निवडचाचणीसाठी घेतलेले दोन वेगळे तुकडे जोडले आहेत. एका संवादातच सुपरमॅन साकारणाऱ्या क्रिस्टोफर रीव्ह यांचा बांधा व केस बदलतात ते त्यामुळे. रीव्ह भूमिका मिळाली तेव्हा सडपातळ होते आणि डेव्हिड प्राउझ यांच्या देखरेखीखाली व्यायाम करून त्यांनी वजन वाढवले, हे ध्यानात घेतले म्हणजे या फरकाचा उलगडा होतो.

उलट, एका ठिकाणी सातत्य राखण्यासाठी केलेली खटपट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. किशोरवयीन क्लार्कची (सुपरमॅनचे पृथ्वीवरचे नाव क्लार्क) भूमिका जेफ ईस्ट यांनी केली, पण त्याचा आवाज रीव्ह यांचा आहे; ईस्ट यांच्या नाकाची ठेवणही रंगभूषेने रीव्ह यांच्याशी जुळवली होती.

पोशाखाचा रंग : सुपरमॅनचा पोशाख काही उड्डाणांत निळा, तर काहींत हिरवट निळा दिसतो. याला वेशभूषेची हयगय म्हणतात, ते बरोबर नाही. त्या काळी नटाला निळ्या पडद्यापुढे उभे करून निळा रंग प्रकाशीय प्रक्रियेने वगळत आणि त्या जागी आकाशाचे चित्रण बसवत. पोशाखच निळा असेल तर पार्श्वभूमीबरोबर नटाचे धडही वगळले जाते. म्हणून अशा शॉटांसाठी हिरवटपणाकडे झुकणारा वेगळा पोशाख वापरला आणि नंतर प्रयोगशाळेत रंगसंतुलन करून तो निळ्याकडे आणला. हे संतुलन पूर्ण फ्रेमवर होते. पोशाख पुरेसा निळा केला की त्वचा निस्तेज पडते, त्वचा सांभाळली की पोशाख हिरवट राहतो. प्रत्येक शॉटला तडजोड निराळी, म्हणून छटाही निराळी.

दुसरी पद्धत फ्रंट प्रोजेक्शनची. कॅमेऱ्यापुढे ४५ अंशांत अर्धपारदर्शक आरसा ठेवून त्यावरून पार्श्वभूमीचे चित्र नटामागच्या पडद्यावर टाकतात. पडद्यावर काचेचे बारीक मणी असलेला, प्रकाश आला त्याच दिशेला परतवणारा पदार्थ असतो. क्रिप्टॉन या सुपरमॅनच्या जन्मग्रहावरील लोकांचे झळाळते कपडेही याच पदार्थाचे होते. झोरान पेरिसिच यांनी प्रक्षेपक व कॅमेरा दोन्हींना झूम भिंगे लावून ती एकाच वेळी चालतील अशी जोडणी केली. दोन्हींचे झूम एकत्र बदलले की पार्श्वभूमी होती तेवढीच दिसते आणि तारेला लटकलेला नट मात्र जवळ येतो वा लांब जातो. येथे निळा पडदा नसल्याने खरा निळा पोशाख चालतो. मात्र कॅमेरा व प्रक्षेपक यांचे अक्ष किंचितही हलले, तर नटाची स्वतःची सावली त्याच्या कडेला काळ्या रेघेसारखी डोकावते. एकाच उड्डाणात दोन्ही पद्धतींचे शॉट शेजारी आले की रंग व कडा दोन्ही उडी मारतात.

लघुप्रतिकृती : हूवर धरण फुटण्याचे दृश्य डेरेक मेडिंग्स यांच्या प्रतिकृतींच्या साहाय्याने घेतलेले आहे आणि तेथील पाणी 'लहान' वाटते. पडणाऱ्या वस्तूला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून १:२५ प्रमाणाची प्रतिकृती सेकंदाला २४ ऐवजी पाचपट, म्हणजे १२० चौकटी या वेगाने चित्रित करावी लागते. एवढे करूनही थेंब दगा देतात. पृष्ठताणामुळे थेंबाचा आकार काही मिलिमीटरच राहतो. १:२५ प्रमाणात ४ मिमी.चा थेंब १० सेंमी.चा दिसतो. यावर उपाय एकच, प्रतिकृती मोठी करणे, आणि तो खर्चिक आहे.

क्रिप्टॉनच्या विनाशाचा काळ : चित्रपटात तीन परस्परविरोधी आधार मिळतात. आरंभी पडद्यावर 'जून १९३८' हा काळ येतो (सीगल व शुस्टर या जनकांच्या सुपरमॅनचे कॉमिक्समध्ये पदार्पण झालेल्या अंकावरील महिना) आणि तेथूनच कॅमेरा अंतराळात क्रिप्टॉनकडे जातो. लूथर मात्र सुपरमॅनच्या मुलाखतीच्या आधारे ग्रह १९४८ मध्ये फुटल्याचे व बाळाला, म्हणजे सुपरमॅनला, पृथ्वीवर पोहोचायला आणखी तीन वर्षे लागल्याचे सांगतो. तिसरा आधार जोर-एलचा: आपले बोलणे मुलाच्या कानी पडेल तेव्हा आपल्याला मरून पृथ्वीची हजारो वर्षे झाली असतील, असे तो म्हणतो.

१९३८ हे साल बहुधा मानवंदना म्हणून आले असावे. ते कथेच्या कालक्रमात धरू नये. १९४८ च्या बाजूने अंतर्गत गणित आहे. अठराव्या वर्षी घर सोडणे आणि त्यानंतरची १२ वर्षे धरली तर क्लार्क स्थूलमानाने १९७८ मध्ये तिशीचा होतो. परंतु सूर्याखेरीज सर्वांत जवळचा ताराही ४.२ प्रकाशवर्षांवर आहे. पृथ्वीवरील दिनदर्शिकेच्या तीन वर्षांत प्रकाशापेक्षा कमी वेगाने तेथूनही येता येत नाही. जोर-एलचे विधान सापेक्षतेशी जुळते: यानातल्या घड्याळाने तीन वर्षे, पृथ्वीच्या घड्याळाने हजारो. बाळ निघताना तान्हे व उतरताना चालते-बोलत्या वयाचे असणे याच्याशीही ते सुसंगत आहे. म्हणून 'तीन वर्षे' हा यानातील काळ मानून १९४८ हा लूथरचा गैरसमज ठरवणे अधिक सयुक्तिक दिसते. अडचण एवढीच की, त्याच हिशेबाने लूथर अदिस अबाबा येथे पडलेल्या क्रिप्टॉनच्या तुकड्यापर्यंत, म्हणजे उल्केपर्यंत पोहोचतो आणि ती खरी ठरते.

सॅन अँड्रिआस विभंग (कॅलिफोर्नियातील भूकवचाची लांब भेग) : लूथरची योजना अशी की, ५०० मेगाटनांचे अस्त्र या विभंगावर टाकायचे, म्हणजे पश्चिमेकडचा किनारा समुद्रात जाईल आणि त्याने विकत घेतलेले वाळवंट नवा किनारा होईल. यात दोन स्वतंत्र चुका आहेत. एक, हा विभंग आडव्या सरकण्याचा आहे. पॅसिफिक भूपट्ट उत्तर अमेरिकी भूपट्टाच्या बाजूने वायव्येकडे वर्षाला सुमारे ५ सेंमी. सरकतो. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपात सुमारे ४७७ किमी. लांबीचा पट्टा तुटून जमीन जास्तीत जास्त ६ मी.च्या आसपास सरकली, पण आडवी. काही बुडाले नाही. विभंगाच्या दोन्ही बाजूंना खंडीय कवच आहे, ते तुटून समुद्रात घसरण्याजोगे नाही.

दुसरी चूक ऊर्जेची. ५०० मेगाटन म्हणजे सुमारे २×१०^१८ जूल; ९ महत्तेच्या भूकंपात लहरींवाटे बाहेर पडणाऱ्या ऊर्जेइतकी. आकडा ऐकायला पुरेसा वाटतो, पण स्फोटाच्या ऊर्जेचा फार थोडा अंश भूकंपलहरींत उतरतो. ॲल्युशन बेटांपैकी अमचिटका येथे १९७१ मध्ये जवळजवळ ५ मेगाटनांची भूमिगत चाचणी झाली. तिची नोंद ७ महत्तेच्या आसपास झाली आणि अत्यंत भूकंपप्रवण प्रदेश असूनही मोठा भूकंप उद्भवला नाही. आजवरचा सर्वांत मोठा मानवनिर्मित स्फोट, १९६१ चा सोव्हिएत चाचणीस्फोट, सुमारे ५० मेगाटनांचा होता; चित्रपटातील अस्त्र त्याच्या दहापट आहे. हूवर धरणही विभंगापासून अडीचशे किमी.हून दूर, नेव्हाडा व ॲरिझोना यांच्या सीमेवर आहे.

पृथ्वीचे उलटे परिवलन : लोइस लेन दगावल्यावर सुपरमॅन पृथ्वीभोवती प्रचंड वेगाने घिरट्या घालतो, पृथ्वी थांबून उलटी फिरू लागते आणि काळ मागे जातो. या दृश्याचे दोन अर्थ लावले जातात.

पहिल्या अर्थाने, परिवलन उलटवल्यामुळे काळ उलटतो. तसे असेल तर हा चित्रपटातील सर्वांत मोठा तथ्यदोष होय, कारण परिवलनाची दिशा व काळाचा प्रवाह यांचा संबंध नाही. पृथ्वीची परिवलन ऊर्जा सुमारे २.१×१०^२९ जूल आहे. एवढी ऊर्जा सूर्य नऊएक मिनिटांत बाहेर टाकतो. विषुववृत्तावर जमिनीचा वेग ताशी १,६७० किमी. आहे. पृथ्वी दहा सेकंदांत थांबवली, तर तेथील प्रत्येक वस्तूला गुरुत्वत्वरणाच्या साडेचार पटींहून अधिक आडवा झटका बसेल, आणि समुद्र जमिनीवर येतील. शिवाय बाहेरून नुसते फिरल्याने कोनीय संवेग पृथ्वीत जात नाही. त्यासाठी काहीतरी जोड लागते.

दुसऱ्या अर्थाने, तो प्रकाशाचा वेग ओलांडून भूतकाळात जातो आणि उलटी फिरणारी पृथ्वी हे त्याला दिसणारे मागे जाणाऱ्या काळाचे चित्र आहे. कोसळलेले खडक वर चढतात, धरण पुन्हा सांधले जाते. नुसत्या परिवलनाने असे घडणार नाही. जोर-एलची मनाईही मानवी इतिहासात ढवळाढवळ करण्याबाबत आहे. कॉमिक्समधला सुपरमॅनही पूर्वीपासून वेगाच्या बळावर काळाचा अडसर ओलांडत आला होता. विरोधी पुरावा एकच, पण वजनदार: शेवटी तो दिशा बदलून उलट घिरट्या घालतो आणि मगच पृथ्वी सुलटी फिरते. हे काळप्रवासातून बाहेर पडणे आहे असे म्हणता येते. एकंदरीत दुसरा अर्थ पुराव्याला अधिक धरून आहे.

मात्र खरा दोष दोन्ही अर्थांत शिल्लक राहतो. काळ मागे गेल्यावर लोइस भूकंपाचे धक्के बसल्याची तक्रार करते, म्हणजे अस्त्र पडून गेलेले आहे. तरी तिची गाडी गिळणारी भेग पडत नाही, आणि ती का पडत नाही हे दाखवलेले नाही. त्याच घटकेला अन्यत्र राबत असलेला आधीचा सुपरमॅन कुठे गेला, याचेही उत्तर नाही. याचे मूळ पटकथेच्या इतिहासात आहे. हा शेवट दुसऱ्या भागासाठी योजला होता. पहिल्या भागाचा शेवट निराळा होता: अवकाशात भिरकावलेल्या अस्त्राच्या स्फोटाने क्रिप्टॉनचा गुन्हेगार जनरल झॉड व त्याचे साथीदार कैदेतून सुटणार होते. काळ उलटवण्याचा प्रसंग पुढे ओढून पहिल्या भागाला जोडला गेला, तेव्हा किती काळ मागे जायचे याचा ताळमेळ भूकंपाच्या घटनाक्रमाशी घातला गेला नाही.

पडत्या व्यक्तीला झेलणे : लोइस काम करते त्या डेली प्लॅनेट या वृत्तपत्राची इमारत म्हणून मॅनहॅटनमधील ४२व्या रस्त्यावरची, सुमारे १४५ मी. उंचीची न्यूज बिल्डिंग दाखवली आहे. हवेचा रोध सोडला तर झेलताना बसणारा झटका काढणे सोपे आहे: पडलेले अंतर भागिले थांबायला मिळालेले अंतर, इतक्या पट गुरुत्वत्वरण. ७० मी. पडून १ मी.त थांबल्यास ७० पट, म्हणजे जीवघेणा. बचावासाठी सुपरमॅनने आधी पडणाऱ्या लोइसच्याच वेगाने खाली जाऊन मग हळूहळू वेग कमी करायला हवा. चित्रपटात तो खालून वर येत झेलतो, त्यामुळे झटका वाढतो.

स्थळे : मेट्रोपोलिस हे काल्पनिक शहर असले तरी न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा उघड दिसतो. क्लार्क लहानाचा मोठा होतो त्या स्मॉलव्हिल गावाचे चित्रण कॅनडातील आल्बर्टा प्रांतात झाले.

आवृत्त्यांमुळे आलेले दोष : चित्रपटगृहांतील आवृत्ती १४३ मिनिटांची, २००१ मध्ये डीव्हीडीवर आलेली १५१ मिनिटांची, तर १९८२ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर दाखवलेली तीन तासांहून लांब आहे. आगगाडीच्या खिडकीतून धावत्या क्लार्कला पाहणारी मुलगी मूळ आवृत्तीत अनामिक आहे. विस्तारित आवृत्तीत तिची आई तिला लोइस लेन म्हणून हाक मारते. मुलगी तेव्हा जेमतेम दहा वर्षांची दिसते आणि क्लार्क अठराच्या आसपासचा आहे; म्हणजे बारा वर्षांनी ती बाविशीची हवी, पण पडद्यावर तिशीला टेकलेली मुरब्बी वार्ताहर भेटते.