वायरीचा वाद कुठून आला?

दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, लागली की पूर्व विदर्भात वडसा, ब्रह्मपुरी, साकोलीकडे झाडीपट्टीची नाटकं पहाटेपर्यंत रंगतात. महागड्या केबलनं आवाज सुधारतो का, हा वाद आता तिथल्या साउंडवाल्यांपर्यंतही पोचला आहे. मूळ वाद अमेरिकेतला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथं जाड स्पीकर वायर वेगळा माल म्हणून चढ्या भावानं विकली जाऊ लागली.

आपल्याकडे भोंग्यांच्या जमान्यात हा प्रश्न फारसा उठलाच नाही, कारण भोंगे १०० व्होल्ट लाइनवर चालायचे. व्होल्ट जास्त, म्हणून करंट कमी. १०० वॉटला जेमतेम १ अँपिअर. बारीक वायर ओढली तरी भागायचं. पुढे जास्त करंट ओढणारे ८ ओहमचे स्पीकर बॉक्स आले आणि डेकोरेशनवाल्यांनी त्यांनाही तीच वायर जोडली. घोळ इथं झाला. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर १०० मीटर लांब नेली, तर जाऊन-येऊन सुमारे २.३ ओहम रोध होतो. म्हणजे पाचव्या हिश्श्याहून जास्त पॉवर वायरीतच जिरते. त्यात स्पीकरचा ओहम प्रत्येक सुराला सारखा नसतो. त्यामुळे आवाज बसतो आणि त्याचा पोतही बदलतो. हे मीटरवर दिसतं, शेवटच्या रांगेतही कळतं. अशा ठिकाणी भारीतली केबल लावून फरक ऐकणारा खोटं बोलत नाही. श्रेय तेवढं तो जाडीऐवजी छापाला देतो.

‘ऑक्सिजन-फ्री’ तांब्याचा गाजावाजा मात्र पोकळच. विजेच्या साध्या तांब्याहून ते फार तर १ टक्का जास्त वीज वाहून नेतं. आवाजाची पातळी सारखी ठेवून, कोणती केबल लावली ते न सांगता ऐकवलं, की पुरेशा जाडीच्या दोन केबली भल्याभल्यांना वेगळ्या ओळखता येत नाहीत.

माइकची गोष्ट निराळी. रंगमंचावर दिवे मंद-प्रखर करणारे डिमर, मागं जनरेटर. ईपी पिनची (गिटारला लावतात तशा जाड जॅकची) लांब वायर घुरघुर उचलतेच. कॅनन पिनच्या (तीन टोकांच्या, म्हणजे एक्सएलआर) बॅलन्स्ड वायरीत एका तारेतून सिग्नल सुलटा, दुसरीतून उलटा जातो, आणि दोन्हींत सारखी शिरलेली घुरघुर मिक्सरमध्ये वजा होते.

अलीकडे तांबं महागलं, तशी तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांब्याच्या नावानं खपू लागली. तेवढ्याच जाडीला तिचा रोध जवळपास दीडपट. तार खरवडली की आतून पांढरी निघते, पण बंडल घेताना कोणी खरवडून बघत नाही.