डुकराच्या आतड्यातून आलेली धोक्याची सूचना

कोलिस्टिन हे जुनं प्रतिजैविक. मूत्रपिंडांना इजा करतं म्हणून डॉक्टरांनी त्याचा वापर जवळजवळ थांबवला होता. पुढे इतर औषधांना दाद न देणारे जिवाणू वाढत गेले आणि अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसाठी शेवटचा उपाय म्हणून ते परत आलं. चीनमध्ये मात्र हेच औषध डुकरांच्या खाद्यात सर्रास मिसळलं जात होतं, तेही जनावर आजारी नसताना, वजन लवकर वाढावं म्हणून.

तिथले शास्त्रज्ञ पाळीव जनावरांमधल्या इ. कोलाय जिवाणूंची नियमित तपासणी करत होते. कोलिस्टिनला न जुमानणारे जिवाणू वाढताहेत, हे त्यातच लक्षात आलं. शांघायमधल्या एका डुकराच्या नमुन्यातून जिवाणूला कोलिस्टिनपासून वाचवणारं 'एमसीआर-१' हे जनुक हाती लागलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये ते जगापुढे आलं. ८०४ जनावरांपैकी १६६ मध्ये, म्हणजे सुमारे २१ टक्क्यांमध्ये, ते होतं. रुग्णालयातल्या १,३२२ रुग्णांमध्ये मात्र फक्त १६ जणांत. केवळ रुग्णच तपासले असते, तर हा एक टक्का कोणाच्या डोळ्यांत भरला असता?

खरी भीती जनुकाच्या जागेची होती. ते प्लाझ्मिडवर होतं. प्लाझ्मिड म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं छोटं कडं. जिवाणू त्याची प्रत दुसऱ्या जिवाणूला देऊ शकतो, तो वेगळ्या जातीचा असला तरी. त्यामुळे निरोगी जनावराच्या पोटातल्या निरुपद्रवी जिवाणूतून हे जनुक घातक जिवाणूपर्यंत पोहोचू शकतं. मांस, शेण, सांडपाणी, गोठ्यात राबणारे हात, वाटा पुष्कळ आहेत. म्हणूनच कत्तलखान्यात येणाऱ्या धडधाकट जनावरांचेही नमुने घेतले जातात.

२०१७ मध्ये चीनने वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालणं बंद केलं. नंतरच्या तपासण्यांत या जनुकाचं प्रमाण जनावरांत घटलेलं दिसलं, आणि माणसांतही. माझ्या मते जनावरांवर नजर ठेवण्याच्या बाजूने याहून बळकट पुरावा नाही.

भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेली जनावरं, कोंबड्या आणि मत्स्यपालन यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने 'इन्फार' हे औषधांना दाद न देणारे जिवाणू तपासणाऱ्या प्रयोगशाळांचं जाळंही काम करतं आहे. पण जिवाणू तपासताना जनावरांना कोणतं औषध किती दिलं, याचीही नोंद हवी. डेन्मार्क १९९५ पासून दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहतो. आपल्याकडेही औषधविक्रीची नोंद त्याच काटेकोरपणे व्हायला हवी.