उपसायचं काम डाव्या हाताचं

कताना ही जपानी तलवार कमरपट्ट्यात धार वर करून खोचतात. पात्याची लांबी साधारण 70 सेंमी, जपानी मापात 2 शाकू 3 सुन. मूठ बेंबीसमोर. तिथून उजवा हात पूर्ण ताणला तरी ती जेमतेम 50-55 सेंमी पुढे जाते. टोक म्यानातच अडकतं. मग म्यानच मागे ओढायचं. याचं नाव सायाबिकी.

शोजी निशिओ (1927-2005) हे आयकिडो या जपानी युद्धकलेचे जनक मोरिहेई उएशिबा यांचे शिष्य. ज्युदो, कराटे आणि तलवार उपसण्याची इआइदो कलाही ते शिकले होते. त्यांनी रचलेल्या 'आयकिडो तोहो इआइ'त तलवारीचा प्रत्येक काता, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, आयकिडोच्या डावाशी जोडलेला आहे. जी पावलं तलवारीसह, तीच नुसत्या हातांनी.

सुरुवात डाव्या अंगठ्याने. पात्याच्या बुडाशी हबाकी नावाची धातूची पट्टी असते, ती म्यानाच्या तोंडात पाचरीसारखी घट्ट बसते. अंगठ्याने त्सुबा, म्हणजे मुठीपुढची चकती, 2-3 सेंमी ढकलली की ती सुटते. अंगठा चकतीच्या बरोबर वरच्या कडेला नको, किंचित बाजूला हवा. वर धारेची वाट आहे. त्यानंतर पातं स्वतःच्या बोथट पाठीवर घसरत बाहेर यायला हवं. नवशिके मूठ वर उचलतात. मग धार म्यानाच्या तोंडाच्या वरच्या कडेत रुतते, लाकूड चिरतं आणि तिथे बोट असेल तर तेही. नवशिक्यांच्या हाती बिनधारेची मिश्रधातूची तलवार देतात ती यासाठीच.

आडव्या वारासाठी शेवटचे 8-10 सेंमी पातं आत असताना म्यान बाहेरच्या अंगाला आडवं करतात, आणि त्याच क्षणी डावी कंबर मागे जाते. नुसत्या मनगटाने म्यान खेचलं तर अंग समोरच राहतं आणि वार खांद्याच्या जोरावर होतो.

आयकिडोतल्या शिहोनागे या फेकीच्या डावात हीच चूक दुसऱ्या रूपात दिसते. समोरच्याचा पकडलेला हात तलवारीसारखा आपल्या कपाळासमोर उचलायचा, खालून वळायचं आणि वार केल्यासारखा खाली आणायचा. हात आपल्या अंगाच्या मधल्या रेषेतून बाजूला गेला की पुढची सगळी ओढाताण दंडाची. समोरचा वजनदार असेल तर तो जागचा हलतही नाही.

धारदार तलवारीने सराव करणाऱ्यांनी अधूनमधून म्यान उपडं करून तळव्यावर हलकेच आपटावं. लाकडाचा भुसा पडला तर उजवा हात अजून घाई करतो आहे.