समईवरचं नाव: गोल धातूवर अक्षरं कोरण्याची पार्श्वभूमी

गोव्यातल्या अनेक देवळांत समईवर किंवा घंटेवर ती देणाऱ्याचं नाव आणि साल सापडतं. ही अक्षरं यंत्रानं घालायची ठरली, तेव्हा कुठे गोलाई आडवी आली. चर्चच्या घंटांचे ओतारी मेणाची अक्षरं नमुन्यावर चिकटवून त्यावर मातीचा साचा चढवत, त्यामुळे अक्षरं उठावाची येत. तांबट छिन्नीनं टिंबाटिंबांनी नाव घालतो तेव्हा भांडं हातानंच फिरवत जातो.

पँटोग्राफ, म्हणजे आकृतीची लहानमोठी नक्कल काढणारी सांध्यांची चौकट, हा क्रिस्टोफ शायनरचा, 1603 च्या सुमाराचा. टेलर हॉब्सन, डेकेल या कंपन्यांची कोरणीयंत्रं त्याच तत्त्वावर चालली: मोठ्या पितळी अक्षराच्या खाचेत सुई फिरवायची, कटर तेच अक्षर लहान करून कोरतो. पण कटरची ही चाल सपाट. 50 मिमी व्यासाच्या समईच्या दांड्यावर माथ्यापासून 3.16 मिमी बाजूला सरकलं की पृष्ठभाग 0.2 मिमी खाली गेलेला असतो. कोरणी 0.2 मिमी खोल ठेवली असेल, तर त्यापुढे कटर हवेतच फिरतो.

तोडगा निघाला डिव्हायडिंग हेडचा, म्हणजे वस्तू मोजून ठरावीक अंशांनी फिरवणाऱ्या जोडणीचा. 40:1 च्या हेडवर, जिथे हँडलच्या 40 फेऱ्यांत वस्तूचा एक फेरा होतो, हँडलचा एक फेरा म्हणजे 9 अंश. एक अक्षर कोरायचं, वस्तू फिरवायची, पुढचं घ्यायचं. रोमन अक्षरं सुटी, त्यामुळे तिथे हे खपून गेलं. देवनागरीत नाही: 6 मिमी रुंद अक्षराच्या कडेला खोली जेमतेम 0.02 मिमी उरते, आणि शिरोरेषा नेमकी तिथेच जोडायची असते.

1952 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीनं सिनसिनाटी कंपनीच्या मिलिंग मशीनवर आकड्यांनी चालणारं नियंत्रण दाखवलं. त्याच वाटेवर पुढे ए-अक्ष, म्हणजे फिरता अक्ष, आला: वायच्या आडव्या सरकण्याऐवजी वस्तू धरणारा चक फिरतो, कटर कायम माथ्यावर राहतो. सगळं गणित व्यासाचं. 50 मिमीवर 1 मिमी म्हणजे 2.29 अंश. व्यास कॅटलॉगातून उचलू नये, कॅलिपर लावावा. ओतीव पितळ सांगितल्या मापाचं क्वचितच भरतं.

अक्षरांची गोष्ट वेगळी. 1967 मध्ये अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या हर्शी यांनी एकाच रेषेची अक्षरं तयार केली आणि कोरणीवाल्यांना ती फार सोयीची पडली. त्यात रोमन, ग्रीक, सिरिलिक, जपानीसुद्धा होती, देवनागरी नव्हती. आपण अजूनही बहुधा छपाईचे बाह्यरेषेचे, म्हणजे अक्षराची नुसती कड आखणारे फॉन्ट वापरतो. त्यांत एका अक्षराची शिरोरेषा पुढच्यावर किंचित चढलेली असते. काही सॉफ्टवेअर त्या दुहेरी भागाला भोक समजतं आणि प्रत्येक जोडावर न कोरलेला ठिपका सोडतं. अक्षरं आधी सॉफ्टवेअरमध्येच वेल्ड करून (बाह्यरेषा जोडून) एकसंध करणं हाच उपाय.

कटर मोडतो तो बहुधा फीडमुळे, म्हणजे कटरच्या पुढे सरकण्याच्या वेगामुळे. यंत्राला दिलेल्या आज्ञांत हा वेग एफनं लिहितात. जी94 या मिनिटाच्या वेगाच्या पद्धतीत फक्त ए फिरत असेल तर एफ200 म्हणजे मिनिटाला 200 अंश: 50 मिमी व्यासावर 87 मिमी, 200 मिमीच्या घंटेवर तब्बल 349. त्यात एक्सची, म्हणजे लांबीच्या दिशेची, चिमूटभर हालचाल मिसळली, की यंत्र चालवणारे बरेच कंट्रोलर एफ फक्त एक्सला लावतात आणि ए सुसाट सुटतो. म्हणून जी93 ही दुसरी पद्धत: आज्ञांच्या प्रत्येक ओळीला एफ म्हणजे फीड भागिले त्या चालीची लांबी. 2 मिमीची चाल मिनिटाला 200 मिमीच्या वेगानं हवी, तर एफ100.

60 अंशांच्या, 0.1 मिमी टोकाच्या कटरनं 0.2 खोलीवर रेष 0.33 मिमी रुंद येते. दांड्याचं दुसरं टोक धरणाऱ्या टेलस्टॉकचं टोक 0.1 मिमी खाली असेल तर दांड्यावर लांबीनं घातलेली शिरोरेषा तिकडे जाताजाता 0.22 वर येते. समईवर तेल पडतं, दिवा लागतो, आणि उजेडात हा फरक लगेच डोळ्यांत भरतो. बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना यंत्रातला ढिलेपणा, मात्र शिरोरेषेत दिसत नाही, कान्यातही नाही. तो वेलांटीच्या आणि उकाराच्या वळणावर दिसतो, जिथे ए उलटा फिरतो. तिथे गोलाई चपटी होते.

कळशी दंडगोल नसते, हे सगळ्यांना माहीत असूनही विसरलं जातं. 120 व्यासाला गुंडाळलेलं नाव 100 व्यासाच्या गळ्याकडे आडवं एक षष्ठांशानं आक्रसतं. शिवाय पातळ तांब्याचा पत्रा कटरखाली थरथरतो आणि रेषेला दाते पडतात. आत तांबटांसारखी राळ भरावी, पण सगळीकडे सारखी; एका बाजूला जास्त थिजली, तर हलक्या स्टेपर मोटरचा (पावलापावलानं फिरणाऱ्या मोटरचा) चक त्या वजनानं पावलं चुकतो आणि पाठीमागून येणारी शिरोरेषा सुरुवातीला मिळत नाही.