डाऊन सिंड्रोम: युडीआयडी, निरामय विमा आणि १८ नंतरचं कायदेशीर पालकत्व, मुंबईत कसं करायचं

घरात डाऊन सिंड्रोम असलेलं लहान मूल असो की मोठं माणूस, कागदपत्रांचा क्रम एकच आहे. आधी युडीआयडी म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, मग त्याच्या जोरावर निरामय हा आरोग्य विमा, आणि १८ पूर्ण झाली की पालकत्व. हा क्रम उलटा करायला गेलं की नुसते हेलपाटे होतात. माझा धाकटा भाऊ आता तिशीत आहे, आईबाबा थकलेत म्हणून त्याची फाईल आता मी सांभाळते, त्यामुळे हे सगळं जवळून बघितलंय आणि ओळखीच्या घरांतून रोज कोणीतरी विचारतंच, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

पात्रतेचं आधी. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्यात एकूण २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय, पण त्या यादीत डाऊन सिंड्रोम असं वेगळं नाव नाहीये. इथेच खूप जण अडकतात. ऑनलाइन फॉर्ममध्ये प्रकार निवडायचा असतो तिथे "बौद्धिक अक्षमता" निवडायचं. त्याच यादीत "मानसिक आजार" पण असतं आणि सायबर कॅफेवाला घाईघाईत तेच टिकमार्क करून टाकतो. ते झालं तर तपासणी भलत्याच ओपीडीत जाते आणि पुढे निरामय, पालकत्व वगैरे ज्या कायद्यातून मिळतं त्या १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात मानसिक आजार येतच नाही, तिथे ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढे चारच येतात. त्यामुळे सबमिट करायच्या आधी तो एक रकाना स्वतःच्या डोळ्यांनी बघा. योजनांचा लाभ बहुतेक ठिकाणी दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तरच मिळतो.

युडीआयडीचा अर्ज स्वावलंबन कार्ड या सरकारी पोर्टलवर करायचा, मोबाईलवरूनही होतो. आधार लागतंच, बाळाचं काढलं नसेल तर आधी ते काढा. बाकी पासपोर्ट साइज फोटो, सही किंवा अंगठा, मुंबईतला पत्त्याचा पुरावा, आणि चालू असलेला मोबाईल नंबर कारण सगळे मेसेज त्यावरच येतात. नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच्या तशी भरा, रेशन कार्डवर एक आणि आधारवर दुसरं स्पेलिंग असेल तर ते आधी सरळ करून घ्या, नंतर प्रत्येक टेबलावर तेच निघतं. अर्ज करतानाच हॉस्पिटल निवडायचं असतं. केईएम, सायन, नायर, कूपर, जेजे अशा मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या हॉस्पिटलांत डॉक्टरांच्या बोर्डाची तपासणी होते, तुमच्या जिल्ह्याप्रमाणे पोर्टलवर जी नावं दिसतील त्यातलं एक घ्यायचं. जवळचं घ्या हे सगळेच सांगतात, मी म्हणेन मुलाचे जुने केसपेपर जिथे आहेत ते यादीत असेल तर तेच घ्या.

तपासणीच्या दिवशी सगळे ओरिजिनल आणि झेरॉक्सचे दोन सेट ठेवा. कॅरिओटाइपचा रिपोर्ट असेल तर सगळ्यात वर लावा, म्हणजे जनुकीय तपासणीचा तो कागद ज्यात २१ व्या गुणसूत्राची एक जास्तीची प्रत दिसते. शाळेचा रिपोर्ट, थेरपीचे कागद, टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चष्म्याचा नंबर, ऐकण्याची टेस्ट, जे असेल ते न्या. आणि डबा, पाणी, एक आवडतं खेळणं. मूल भुकेलं आणि पेंगुळलेलं असेल तर टेस्टमध्ये ते नीट दिसतच नाही. शक्य असेल तर सकाळची वेळ मागा.

आता आयक्यू टेस्ट, कारण याबद्दल घरोघरी फार भीती असते. सायकॉलॉजिस्ट मुलाला समोर बसवून साधी साधी कामं देतात. लाकडी पाटी असते, तिच्यात गोल, त्रिकोण, चांदणी अशा आकारांचे खळगे, ठोकळे बाहेर काढून ठेवतात आणि मुलानं ते जागच्या जागी बसवायचे, सायकॉलॉजिस्ट घड्याळ लावून बघत असतात. चित्र ओळख, अंक सांग, असंही विचारतात. त्या वेळी बाजूला बसून "अरे तो निळा, निळा उचल" असं सांगू नका, हात तर अजिबात लावू नका.

दुसरा भाग आईवडिलांच्या बोलण्यावर असतो आणि तो तितकाच महत्त्वाचा. शर्टाची बटणं स्वतः लावतो का, आंघोळ करतो का, एकटा रस्ता ओलांडतो का, दुकानातून सुटे पैसे बरोबर आणतो का. आईचं मन असतं, तिला वाटतं मुलाची बाजू घ्यावी, म्हणून ती म्हणते सगळं करतो हो माझा राजा. पण पाणी काढून दिलं, साबण हातात दिला, पाठ चोळून दिली आणि तीनदा "चल आता कपडे घाल" म्हटलं तर ते स्वतः करणं नाही. जे आहे ते तसंच सांगा, जिथे मदत लागते तिथे किती लागते तेही सांगा. टक्केवारी या उत्तरांवरही ठरते आणि ती कमी लागली तर पुढची वर्षानुवर्षं त्याचा त्रास मुलालाच होतो. उगाच वाढवूनही सांगायचं नाही, त्याची गरजच नसते.

कार्ड रंगावरून ओळखता येतं. ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. लहान वयात सर्टिफिकेट बहुतेक ठराविक मुदतीचंच देतात, मूल वाढतं तशी पुन्हा तपासणी लागते. त्यावरची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण मुदत संपलेल्या कागदावर विमा नवा होताना अडतो.

कार्ड आलं की लगेच निरामय. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा आरोग्य विमा आहे, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत कव्हर, वयाची अट नाही, आधी मेडिकल टेस्ट नाही आणि जन्मापासूनच्या आजारांसाठी नकार नाही. बाजारातल्या पॉलिसीवाल्यांनी "डाऊन आहे का, मग नाही जमणार" हे ज्यांना ऐकवलंय त्यांना याची किंमत कळेल. फी नाममात्र असते, दारिद्र्यरेषेखालच्या घरांना अजून कमी. अर्ज ऑनलाइन करता येतो किंवा नॅशनल ट्रस्टकडे नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत. लागतं काय तर युडीआयडी किंवा दिव्यांग सर्टिफिकेट, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, बँक पासबुकाचं पहिलं पान, आणि सवलत हवी असेल तर उत्पन्नाचा किंवा बीपीएलचा कागद.

याची मोठी गोष्ट म्हणजे नुसतं अ‍ॅडमिट झाल्यावरच नाही, तर ओपीडी, औषधं, तपासण्या, दातांचं काम, स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी यांचे पैसेही मिळतात. प्रत्येक प्रकाराला वेगळी मर्यादा आहे, ती अर्जाच्या वेळी बघून घ्या. हॉस्पिटल कुठलंही चालतं पण पैसे आधी आपण भरायचे आणि मग क्लेम टाकायचा. म्हणून बिल, डॉक्टरांची चिठ्ठी आणि रिपोर्ट हे तिन्ही एकत्र पिन करा. चिठ्ठीशिवाय नुसतं केमिस्टचं बिल परत येतं. बिलं वर्षभर साठवून एकदम पाठवू नका, त्या त्या महिन्यातच टाका. पॉलिसीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. हृदयाच्या ऑपरेशनसारखा मोठा खर्च १ लाखात बसत नाही, तिथे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं विचारा, आणि १८ च्या आतल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोम आणि जन्मजात हृदयरोग दोन्ही येतात.

ओपीडीचे पैसे मिळतात म्हणून तरी या तपासण्या टाळू नका. डाऊन असलेल्या साधारण निम्म्या बाळांना हृदयाचा जन्मजात दोष असतो, त्यामुळे बाळ दिसायला गुटगुटीत असलं तरी टूडी इको हवाच. थायरॉइड वर्षातून एकदा, मोठेपणीसुद्धा. कान, डोळे, दात. रात्री जोरात घोरणं, मधेच श्वास अडखळणं, हे डॉक्टरांना आवर्जून सांगायचं. मान दुखते म्हणाला, चाल बदलली, हातापायात जोर कमी झाला तर त्याच दिवशी दाखवायचं, कारण काही जणांच्या मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असतो.

मनाचं मात्र घरातच राहून जातं. शाळा सुटली, बहिणीचं लग्न होऊन ती सासरी गेली, आजी गेली, की मूल गप्प होतं, जेवण सोडतं, जमत असलेली कामं विसरतं, आणि सगळे म्हणतात डाऊन आहे ना, असंच असतं. तसं नसतं. आधी थायरॉइड, कान, झोप, दातदुखी बघून घ्या, ते ठीक असेल तर मनाच्या डॉक्टरांकडे न्या. एकट्यानं स्वतःशी बोलणं बऱ्याच जणांना असतं, त्यावरून लगेच गोळ्या सुरू करायची गरज नसते, पण बोलण्याचा सूर बदलला, भीती दिसायला लागली तर दाखवा. चाळिशीनंतर विस्मरणाचा आजार यांना लवकर गाठतो, म्हणून त्या वयात रोजच्या सवयींतला बदल तारीख घालून वहीत लिहा. आणि सांभाळणारी आई, बहीण, बाबा यांचंही. झोप नाही, चिडचिड होते, रडू येतं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबर फाईलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

आता पालकत्व. मूल १८ चं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे ऐकून भलेभले चमकतात. ऑपरेशनच्या संमतीवर सही, बँक खातं, मालमत्ता, सगळीकडे प्रश्न येतो. त्यासाठी नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती असते, कोर्टात जावं लागत नाही. समितीत जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. मुंबईत जिल्हे दोन, शहरासाठी फोर्टमधलं ओल्ड कस्टम हाऊस आणि उपनगरासाठी बांद्रा पूर्वेचं जिल्हाधिकारी कार्यालय. भांडुप, बोरिवली, चेंबूरवाल्यांनी फोर्टला जायचं नाही.

अर्ज आई, वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था करू शकते. पाल्य आणि होणारा पालक दोघांचं आधार, पाल्याचं दिव्यांग सर्टिफिकेट, वयाचा पुरावा, फोटो, जो पालक होणार त्याची लेखी संमती, आणि भावंडं असतील तर त्यांची ना-हरकत बऱ्याचदा मागतात, ती आधीच करून ठेवा. घरात यावर मोकळेपणानं बोला, वहिनी किंवा जावयालाही विचारा, कारण शेवटी रोज सांभाळायचं त्यांच्या घरात असतं. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांच्या आत पाल्याच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते, आणि पुढे दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब. बँकेत कोणी कोर्टाचाच कागद हवा म्हणून अडवलं तर या समितीचं सर्टिफिकेट चालतं, रिझर्व्ह बँकेनं बँकांना तसं कळवलेलं आहे, हे शांतपणे मॅनेजरला सांगा आणि लेखी उत्तर मागा.