देवदूताला पंख फुटले कधी?

डिसेंबर लागला की दुकानांत ती गुबगुबीत पंखवाली पोरं लटकायला लागतात, मगवर, स्टिकरवर, जिथे तिथे. आपल्याला एंजल म्हटलं की तेच आठवतं, पण गंमत म्हणजे सुरुवातीच्या ख्रिस्ती चित्रांत देवदूताला पंखच नव्हते. रोममध्ये प्रिसिलाच्या कॅटाकोम्बमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या दफनभूमीत, साधारण तिसऱ्या शतकातलं एक भित्तिचित्र आहे, त्यात येशूची आई मरिया बसलीये आणि समोर अंगात झगा घातलेला एक माणूस हात पुढे करून उभाय, बस एवढंच. हा गॅब्रिएल, म्हणजे तिला येशूच्या जन्माची बातमी द्यायला आलेला देवदूत, हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. तसं बायबलमध्येही अब्राहामाच्या दारात येतात ते तीन पुरुषच, आणि याकोबाच्या स्वप्नातले दूत तर चक्क शिडीवरून चढउतार करतात, पंख असते तर शिडी कशाला लागली असती!

पंख आले चौथ्या शतकाच्या अखेरीला. इस्तंबूलला एका लहान मुलाची संगमरवरी शवपेटी आहे, तिच्यावर दोन पंखवाले दूत ख्रिस्ताचं चिन्ह असलेलं पुष्पचक्र धरून उडतायत. ही पोझ सरळ रोमनांच्या विजयादेवीची, जुना देव गेला पण पंख तेवढे ठेवून घेतले. (आपल्या अजिंठ्यात १७ नंबरच्या लेण्यात इंद्र आणि अप्सरा बिनपंखांच्याच मस्त उडतात, ते वेगळं.)

१३०५च्या आसपास जोत्तो या चित्रकाराने इटलीतल्या पादुआच्या चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात, ख्रिस्ताच्या मृतदेहावर घिरट्या घालणारे दूत काढले, ते हंबरडा फोडतायत, कुणी गाल ओरबाडतंय, मला विचाराल तर याहून जिवंत देवदूत नाहीत. पुढच्या शतकात दोनातेल्लो वगैरे शिल्पकारांनी रोमन प्रेमदेव क्युपिडसारखी पंखवाली बाळं परत आणली आणि १५१२ च्या सुमारास राफाएलने मरियेच्या चित्रात अगदी खाली, कठड्यावर रेललेली दोन कंटाळलेली पोरं बसवली. आता मरिया कापून तेवढीच विकतात.

ही बाळं आपल्याकडेही आली बरं का. १५८० मध्ये गोव्याहून जेझुइट या ख्रिस्ती संघाचे पाद्री अकबराकडे फतेहपूर सिक्रीला गेले, सोबत चित्रं छापलेलं बायबल. पुढे जहांगीरच्या चित्रकाराने, बिचित्रने, बादशहाला वाळूच्या घड्याळावर बसवलं आणि खाली दोन पंखवाली पोरं त्या घड्याळावर लिहितायत की तुमचं राज्य हजार वर्षं टिको. वाळू मात्र जवळपास सगळी खाली आलीये.