जिनसेंगवरील मूळकूज

जिनसेंगवरील मूळकूज : जिनसेंग या औषधी वनस्पतीच्या मांसल मुळावर जमिनीतील बुरशीमुळे पडणारा रोग. कोरियन (पॅनॅक्स जिनसेंग) व अमेरिकन (पॅ. क्विंकेफोलियस) या दोन्ही जातींवर तो आढळतो. आपल्याकडे ‘इंडियन जिनसेंग’ म्हणून विकली जाणारी अश्वगंधा वांगे-मिरचीच्या कुलातील असून तिचा येथे संबंध नाही.

कारक बुरशीच्या नावाचा घोळ जुना आहे. झिन्समाइस्टर यांनी अमेरिकेत १९१८ मध्ये तिला रॅम्युलेरिया डिस्ट्रक्टन्स म्हटले. हिल्डेब्रँड यांनी १९३५ मध्ये कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील रोगट मुळांवरून आणखी जाती वर्णिल्या. त्यांपैकी ‘मॉर्स-पॅनॅसिस’चा लॅटिन अर्थच ‘जिनसेंगचा मृत्यू’ असा होतो. १९६४ पासून सिलिंड्रोकार्पॉन डिस्ट्रक्टन्स हे नाव रूढ झाले. २०११ मध्ये इलिओनेक्ट्रिया ही प्रजाती वेगळी काढण्यात आली आणि पाठोपाठ जुन्या ‘डिस्ट्रक्टन्स’मध्ये अनेक जाती एकत्र धरल्या गेल्याचे दिसून आले. हे वर्गीकरण अधिक ग्राह्य वाटते. त्यामुळे पूर्वीच्या प्रयोगांतील तापमान, सामू (पीएच) इत्यादींचे आकडे नेमक्या कोणत्या जातीचे, हे पाहूनच वापरावे लागतात.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबियातून २००२–०४ मध्ये मिळवलेल्या बुरशीच्या ८० नमुन्यांपैकी जवळपास निम्मे नमुने न दुखावलेले मूळही कुजवू शकले. उरलेल्यांना मुळावर आधीच जखम असावी लागली. बुरशीची वाढ २०° से.च्या आसपास जोमदार झाली, तर सामू ७ पेक्षा ५ असताना रोग तीव्र राहिला. सावली, गारवा व ओल ही पिकाची गरज आहे आणि तीच बुरशीलाही मानवते. वाफसा न येणारी, पाणी धरून ठेवणारी जमीन सर्वांत वाईट. म्हणून उंच गादीवाफे करतात. नत्राचा अतिरेक रोगास पोषक ठरतो, असेही सांगितले जाते. मुळातील जिनसेनोसाइडे (जिनसेंगमधील विशिष्ट संयुगे) काही बुरशींना रोखतात. या बुरशीची वाढ मात्र त्यांनी वाढल्याचे काही प्रयोगांत दिसले आहे.

सौम्य रूपात सालीवर तांबूस डाग पडतात व ते नखाने खरवडून निघतात (तांबेरा रोग वेगळा). तीव्र रूपात मूळ टोकाकडून काळे पडून कुजत जाते. खणल्यावर कधी नुसता देठाकडचा भाग हाती येतो. फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळेही मूळ कुजते, परंतु तो खऱ्या बुरशींत मोडत नाही.

पीक ३ ते ६ वर्षे एकाच जागी उभे असते आणि बुरशीचे जाड भिंतीचे बीजाणू मातीत दहा वर्षांहून अधिक टिकतात. साहजिकच जिनसेंगवर जिनसेंगचा बेवड चालत नाही. कोरियात अशी जमीन काही वर्षे भातखाचराखाली ठेवतात. साचलेल्या पाण्यात हवेअभावी बुरशी घटते व फेरलागवडीतील अंतर कमी होते. मात्र खाचराच्या जमिनीचा निचरा मुळातच मंद असल्याने तेथील मुळांवर तांबूस डागांची तक्रार अधिक असते.